कार्ड माझं, मेसेज बाबांना

शेंदूरजनाघाटहून कॉलेजसाठी अमरावतीला राहायला गेले, तेव्हा बाबांनी रोख पैशांऐवजी मला एक प्रीपेड कार्ड काढून दिलं. महिन्याच्या सुरुवातीला ते त्यात पैसे भरायचे आणि मेस, झेरॉक्स, साबण, सगळं मी त्यातूनच भागवायचं. कार्ड माझ्या पर्समध्ये, पण खर्चाचा प्रत्येक मेसेज बाबांच्या मोबाइलवर, अशी व्यवस्था होती. तरी मी भलतीच खूश होते. आमच्या घरात आईकडेसुद्धा कार्ड नव्हतं.

अडचण एवढीच, की मेसेज इंग्रजीत यायचे आणि बाबांना फक्त मराठी वाचता येतं. म्हणून ते सकाळी मोबाइल घेऊन कृषी केंद्रावर जात. तिथे फवारणीच्या औषधांपेक्षा गप्पाच जास्त खपतात. दुकानदार माझे मेसेज मोठ्यानं वाचून दाखवी आणि बाकावर बसलेले संत्रावाले त्यावर आपापलं मत देत. मी आइस्क्रीम खाल्लं, की अर्ध्या गावाला माझ्या घशाची काळजी!

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. मग एके दिवशी पेट्रोल पंपाचा मेसेज गेला. माझ्याकडे तर साधी सायकलही नव्हती. मग गाडी कोणाची, यावर त्या बाकावर म्हणे तासभर खल झाला. काकाही तिथेच बसले होते. गाडी एखाद्या पोराचीच असणार, असा त्यांनी निकाल देऊन टाकला आणि संध्याकाळी बाबांचा फोन आला.

"पेट्रोल पंपावर काय करून राहिली होती तू?"

"रूममेटच्या स्कूटीत पेट्रोल टाकलं, बाबा. अचलपूरची हाये ते पोरगी. रोज तिच्याच मागं बसून कॉलेजात जातो मी. फुकट बसू का?"

"तुयं खरं असंन. पण लोकं बोलून राहिले ना. सुट्ट्या लागल्या का इकडं ये अन् वरुडच्या कॉलेजात नाव टाक. घरून जाणं-येणं कर."

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या वेळी राग आलाच नाही, भीती वाटली. माझी प्रयोगशाळा, माझी खोली, माझी मैत्रीण, सगळं लिटरभर पेट्रोलपायी सुटणार होतं. मी रडायलाच लागले. रडता रडता तोंडून निघून गेलं, "बाबा, बहार व्यापाऱ्याले देल्यावर तुमी बागेत फळं मोजाले जाता का?"

आमच्याकडे बहार, म्हणजे झाडावरचा हंगामाचा सगळा माल, विकला, की झाडं आपली आणि फळं व्यापाऱ्याची. घरी पाहुणे आले, तरी बाबा स्वतःच्याच बागेतलं संत्रं व्यापाऱ्याच्या राखणदाराला विचारल्याशिवाय तोडत नाहीत. यात त्यांची इभ्रत आहे.

"वकिली शिकाले गेली का तिकडं?" एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात ते न सांगताच अमरावतीला येऊन उभे राहिले. मला वाटलं, माझं सामान न्यायलाच आले. पण ते मला घेऊन बँकेत गेले आणि मेसेजसाठी स्वतःचा नंबर काढून माझा लावून घेतला. मला तिथल्या तिथे उडी मारावीशी वाटली.

मग कॉलेजजवळच्या हॉटेलात आम्ही आलूबोंडे खाल्ले, चहा घेतला.

"काका काय म्हणतीन?" मी विचारलं.

"बोलन दोन दिवस. मंग संत्र्याचा भाव निघंन अन् इसरून जाईन."

बिलासाठी त्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला. मी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. ते कार्डाकडे बघत बसले. मग रिकामा कप थोडा पुढे सरकवून, राखणदाराशी बोलतात तशा आवाजात म्हणाले,

"अजून एक चहा घेऊ का? बहार तुया हाये, म्हणून इचारतो."

मी पोऱ्याला दोन बोटं दाखवली.