सोल्डर आणि गोंदासकट

सलीमभाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला, तेव्हा मी अमरावतीच्या आमच्या प्रयोगशाळेत उंदीर तोलत होतो. तीनशे बारा ग्रॅम. आकडा लिहून मग खाली बसलो… त्याला आता दीड महिना झाला.

सलीमभाई अकोल्यात घड्याळं दुरुस्त करायचे. आमच्या मॅडम उंदराच्या मेंदूतले विद्युतसंकेत नोंदवत. डोक्यापासून यंत्रापर्यंत वायर असायची. उंदीर तिच्यात गुरफटायचा, ती कुरतडायचा. मोकळा फिरणारा मेंदू कसा चालतो, हे कळेच ना. वायरीऐवजी डोक्यावर बसणारं, बिनतारी संकेत पाठवणारं छोटं यंत्र करायचं ठरलं. मॅडमची अट एकच : वजन तीन ग्रॅमच्या आत. उंदराची मान वाकली, तर प्रयोग बंद.

हिशेब माझा होता. सर्किट एक ग्रॅम, बॅटरी एक, तिचा कप्पा पॉइंट सात, अँटेना पॉइंट दोन. बेरीज दोन पॉइंट नऊ. इतक्या बारीक जोडणीला घड्याळवाल्याचाच हात हवा, म्हणून सगळे भाग घेऊन अकोल्याला गेलो. सलीमभाईंनी भिंगाखाली जोडणी केली, तोललं, तर तीन पॉइंट चार. मी तीनदा बेरीज तपासली.

ते हसून म्हणाले, "काहून भाऊ, जोडाचं सोल्डर अन् गोंद हवेतले हाय का? ते नाय धरले तुमी."

मी प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेला माणूस. मान खाली घातली.

"आता तोंड नका पाडू. उंदराले समजलं नाय पाहिजे का डोक्यावर काही हाय. बस."

त्यांनी बॅटरीचा कप्पाच काढून टाकला आणि जुन्या घड्याळाच्या स्प्रिंगची चिमटी करून बॅटरी तिच्यात धरली. चिमटी पॉइंट एक. एकूण दोन पॉइंट आठ.

ते स्वतः यंत्र घेऊन अमरावतीला आले. मॅडम आणि मी पडद्यापाशी उभे होतो, ते पिंजऱ्यापाशी. पडद्यावर लाटा उमटल्या, उंदीर धावला तसतशा बदलत गेल्या. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. सलीमभाईंनी पडद्याकडे पाहिलंच नाही. उंदराने मागचा पाय उचलून निवांत कान खाजवला, तेव्हा ते म्हणाले, "झालं. विसरला तो."

त्या चिमटीवर आम्ही पुढे कित्येक उंदरांच्या नोंदी घेतल्या. आता बाहेरून तयार यंत्रं येतात, वजन कागदावर छापलेलं असतं. मी तरी बसवण्याआधी तोलतोच. वहीत तेव्हापासून हिशेबाबाहेरच्या वजनाचा एक वेगळा रकाना आहे : 'सोल्डर, गोंद'.

फोन ठेवल्यावर यंत्र तोलून त्या दिवशीचा तो रकाना भरला, ते उंदराच्या डोक्यावर बसवलं आणि त्याला पिंजऱ्यात सोडलं. तो दोन फेऱ्या धावला, थांबला, आणि कान खाजवू लागला.