स्वस्त फ्लॅट आणि रडका घरमालक

सन दोन हजार बावीस. डिसेंबर महिना, कडाक्याची थंडी. ओली लाल मिरची बाजारात यायचे दिवस. एवढं पक्कं लक्षात राहिलं, कारण माणूस आपली फजिती महिन्यासकट लक्षात ठेवतो.

मी सहज फसत नाही. शिकलो चौथीपर्यंत. पण चाळीस वर्षं मिरची पिकवली आणि व्यापाऱ्याच्या काट्यावरून नजर कधी हलवली नाही. त्या महिन्यातही माल विकला तेव्हा काट्याजवळ दोन तास उभा होतो. तरी फजिती झालीच. चहा घ्या, सांगतो.

नात मनीषा बारावीला. गावाहून नंदुरबारला जाण्यायेण्यात रोज तीन तास मोडायचे. परीक्षा दोन महिन्यांवर. म्हटलं, तोवर तिला घेऊन शहरात राहू. भाकरी मी थापतो. हसू नका, मला येतात.

फ्लॅट मिळाला. हॉल, एक बेडरूम, किचन. मागच्या खिडकीतून मिरची वाळवायची पथारी दिसायची. सगळं मैदान लाल. घरच्यासारखं वाटलं. भाडं तीन हजार.

तीन? त्या भागात सहाच्या खाली कोणी बोलत नव्हतं!

घरमालकाचं नाव विश्वास. तिथेच मी सावध झालो.

"एवढं स्वस्त काब्र, भाऊ?"

विश्वासभाऊने खिशात हात घातला. रुमाल काढला आणि डोळे पुसले. "राहा आबा. आठे या घरात कोणी टिकत नही. भाडं निवांत द्या," म्हणाला, किल्ली हातात कोंबली आणि जिना उतरला. पाठीमागे वाघ लागल्यासारखा.

आगाऊ भाडं न घेणारा घरमालक तुम्ही पाहिलाय? मी नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सुनंदाताई भाजी घेऊन आल्या. नवापूरकडच्या, दवाखान्यात नर्स. आत पाऊल टाकलं आणि पदर तोंडाला, डोळ्यांत पाणी.

"काय झालं ताई?"

"काही नाही आबा. तुमची पोर लहान आहे, तिला जपा." गेल्या.

तिसऱ्या दिवशी गॅसवाला. सिलिंडर ठेवलं आणि जिन्यात जाऊन रडला. गॅसवाला! त्याचं या घरात कोण होतं?

मग मी हिशेब जुळवला. या घरात कोणीतरी मेलं होतं. साधंसुधं माणूस नाही. गॅसवाल्यालाही आठवणीने रडू यावं, एवढं लाघवी.

आता नातीला तिथे एकटी कशी सोडू? शेतावर जाणं बंद केलं. दारात खुर्ची टाकून बसलो. सुनंदाताई दिसल्या की विचारायचो, "बाई होती का माणूस?" त्या घाईने दार लावायच्या.

शेवटी मनीषाला म्हटलं, "सामान बांध."

तिने पुस्तक आपटलं. "आबा, परत तीन तास बसमध्ये? मी नापास झाले तर तुमच्यामुळे! इथे कोण मेलंय? मला तर छान झोप लागते."

पोरीला काय कळतं? पण डोळे भरले होते तिचे. रागाने. म्हणून ठरवलं, आधी छडा लावायचा. खरं कळेपर्यंत भाड्याचा एक रुपया द्यायचा नाही.

पंधरा दिवसांनी विश्वासभाऊ भाड्याला आला. त्याला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं, दाराला कडी घातली. मागची खिडकी उघडीच होती, वारा सुटला होता. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"खरं सांग. आठे कोण मरेल शे?"

"कोणीच नही, आबा!"

"मग रडी काब्र ऱ्हायना?"

"मिरची आबा, मिरची! कडी काढा!" तो नऊ वेळा शिंकला. मी मोजल्या. "मागे पथारी शे. वारा सुटला का भाडेकरू पळतस. तुम्हले काहीच होत नही?"

मी जोरात श्वास घेतला. मग आणखी एक. नुसती हवा! चाळीस वर्षांत मिरचीने माझं नाकच खाऊन टाकलं होतं. मनीषाही मिरचीच्या ढिगावर खेळून वाढलेली. ती पुस्तकाआड तोंड लपवून हसत होती.

पण मी हार मानतो का? खिडकीशी गेलो. खाली पथारीवर मिरचीचा व्यापारी उभा होता. वरूनच ओरडलो, "ओ शेठ! लोकांना घरात बसू देत नाही, असला जहाल माल आहे कोणाचा? लाज नाही का त्या माणसाला?"

शेठने मान वर केली. मला ओळखलं. हात जोडले.

"आबा, तुमनाच शे! काट्याजवळ दोन तास उभे होतात, विसरलात?"

मी खिडकी लावली. ट्रंक उघडली आणि अडवून ठेवलेले भाड्याचे तीन हजार विश्वासभाऊच्या हातात ठेवले.