धोंडीबाईनं घमेलं काढून घेतलं

धोंडीबाईचे गुडघे आता साथ देत नायत, म्हणून किन्हवलीजवळच्या बंधाऱ्याच्या कामावर तिनं आपल्या जागी रत्नाला मुकादम करायचं ठरवलं. ठेकेदाराला ते काय पटलं नाय. भिंतीचं काँक्रीट भरायचा दिवस या पोरीनं निभावला तर ठीक, नायतर बाहेरचा मुकादम आणीन, असं तो तोंडावर बोलला. बाहेरचा आला म्हणजे आमची टोळी त्याच्या मर्जीवर. मी सुदाम, मिक्सर चालवतो. माझं तर डोकंच फिरलं.

रत्नाला शिकवायची धोंडीबाईची रीत मला बघवत नसे. पोरीनं काय विचारलं की ही उलट तिलाच विचारणार, तुला काय वाटतं गो? अरे, सांगून टाक ना बाई! पण नाय. रत्ना स्वतः ठरवेपर्यंत ही आपली मिश्री लावत बसायची.

त्या दिवशी सकाळी काम झकास चाललं होतं. मग भिंतीच्या वरच्या टोकाला माल तुंबला. तिथं वाळूमामा, रत्नाचा सासरा, वयामुळं सावकाश घमेली ओतत होता. आमच्याकडं सून सासऱ्यासमोर आवाज चढवत नाय, चारचौघांत काम काय सांगणार? रत्नानं पदर खोचला आणि स्वतःच घमेलं उचलून पळू लागली. इकडं मिक्सरमधला माल घट्ट होत चालला आणि माझा जीव टांगणीला.

धोंडीबाई लंगडत आली. आता वाळूमामाला झापणार, असं मला वाटलं. तिनं रत्नाच्या हातातलं घमेलं काढून घेतलं.

"उचलायला माणसं हायत. बघायला कोण हाय गो?"

एवढं बोलून परत सावलीत जाऊन बसली. असा राग आला मला! रत्नानं भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग पदर सारखा करून सासऱ्याला बोलली, "मामा, तुमी खाली या, साच्याच्या फळ्या ठोका. माल कुठं पोकळ राहिला ते आवाजावरनं तुमालाच कळतं. वर ही तरणी भिमी जाईल."

सगळ्यांचे हात थांबले. वाळूमामानं सुनेकडं बघितलं, टॉवेल झटकला आणि मुकाट खाली उतरला. माल पुढं सरकला. उजेड होता तोवर भिंत भरून झाली.

घरी निघताना उद्याचं धोंडीबाईला विचारायचं, हा वाळूमामाचा कायमचा शिरस्ता. आज तो रत्नासमोर थांबला.

"उद्या कवा यायचं, बाय?"

"साताला, मामा."

धोंडीबाई तोंड फिरवून डोळे पुसत होती. मी बघतोय हे कळल्यावर माझ्यावरच खेकसली, मिक्सर कोण धुणार रे?