छातीचा फोटो

दांडिया बाजारातले सुभाष आणि पिलाजी एकाच आखाड्यात मल्लखांबावर चढले, एकाच वर्षी मॅट्रिकला आपटले आणि पुढे एक शेठ झाला, दुसरा त्याचा सुपरवायझर. यात सुभाषला कधी काही खटकलं नाही. पिलाजी चारचौघांत त्याच्या खांद्यावर हात टाकून "हा आपला घरचा माणूस" म्हणायचा आणि एवढ्यावर हा भला माणूस अठरा वर्षं खूश होता.

शहराबाहेर, छाणी गावाच्या पुढे पिलाजीची गिरणी होती. गारगोटी दळून तिची मैद्यासारखी पूड करायची आणि काचेच्या कारखान्यांना पाठवायची. एक्याण्णवनंतर मागणी अशी वाढली की गिरणी दोन पाळ्यांत चालू लागली. आत उभं राहिलं की समोरचा माणूस दिसत नसे. सुभाष तोंडाला रुमाल बांधून दिवसभर तिथेच. कामाला माणसं कमी पडली की छोटाउदेपूरकडच्या गावांत जाऊन तोच घेऊन यायचा. त्याच्या शब्दावर ती यायची.

दिवाळीनंतर दरवर्षी सगळ्यांच्या छातीचे फोटो काढले जात. रिपोर्ट पिलाजीकडे येत. सुभाष विचारायचा, तेव्हा घोड्यासारखा आहेस, असं उत्तर मिळायचं. खोकला होता, पण गिरणीत खोकला नव्हता कोणाला?

शहाण्णव साली पिलाजीने निजामपुऱ्यात नवं ऑफिस घेतलं. जुन्या ऑफिसातली कपाटं रिकामी करायचं काम अर्थातच घरच्या माणसाकडे आलं. खालच्या खणात त्याला रिपोर्टांचा गठ्ठा सापडला. एका पाकिटावर त्याचं स्वतःचं नाव होतं. पाकीट फोडलेलं, आतला कागद दोन वर्षांपूर्वीचा. दोन्ही फुफ्फुसांत दगडाची धूळ बसली आहे, या माणसाला धुळीच्या कामावरून ताबडतोब काढावं, असं डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं. आणखी चार कामगारांच्या पाकिटांतही तेच होतं.

सुभाष तिथेच फरशीवर बसला. आजाराची भीती नंतर वाटली. आधी आठवलं ते हे, की याच दोन वर्षांत पिलाजीने गिरणीच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. धूळ सोसत नाही म्हणून तो बाहेर केबिनमध्ये बसायचा. बिचाऱ्याला त्रास होतो म्हणून सुभाषची बायको मंदा त्याच्यासाठी आल्याचा काढा करून पाठवायची.

दुपारी सुभाषने कागद पिलाजीच्या टेबलावर ठेवला. पिलाजी घाबरला नाही, उलट वैतागला. सांगितलं असतं तर तू निघून गेला असतास, ऑर्डरी अंगावर घेतलेल्या, गिरणी चालवली कोणी असती, असं म्हणाला. वर आणखी, परक्याने समजून घेतलं नसतं, तू घरचा आहेस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

आता सुभाष ताडकन नोकरी सोडून आला असेल, असं तुम्हाला वाटेल. छे! दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा गिरणीत हजर. चव्वेचाळिसाव्या वर्षी कुठे जायचं, मुलीचं, योगिनीचं बारावीचं वर्ष, हा सगळा घोर होताच. पण खरं सांगायचं तर अजूनही त्याला वाटत होतं, पिलाजी येईल आणि चुकलो म्हणेल. तीन दिवस त्याने वाट पाहिली.

चौथ्या दिवशी त्याने गिरणी बंद केली, त्या चौघांना बाहेर बोलावलं आणि कागदात काय आहे ते सांगितलं. त्यातला सगळ्यात वयस्कर माणूस गुजरातीत म्हणाला, "सुभाषभाई, अमे तो तमारा भरोसे आव्या हता."

आम्ही तर तुमच्याच भरवशावर आलो होतो, हे सुभाषला आपल्या आजारापेक्षा जास्त लागलं. त्याने किल्ल्या रखवालदाराच्या हातात दिल्या आणि तो घरी गेला. चौघांपैकी दोघे त्याच्याबरोबर निघाले, दोघे राहिले. मंदाने सगळं ऐकून घेतलं. त्याला वाटलं होतं, ती रडेल. ती फक्त एवढंच म्हणाली की इतके दिवस काढा भलत्याच माणसाला पाजला.

विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं काम त्याच्या हातात होतं. त्याने एका शटरच्या गाळ्यात मिक्सर आणि पंख्यांच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायला सुरुवात केली. दोन जिने चढला की धाप लागायची. पहिल्या वर्षी धंदा जेमतेम होता, आणि पिलाजीची आठवण आली की जेवण जात नसे.

पुढच्या उन्हाळ्यात पिलाजी गाडी घेऊन गाळ्यावर आला. गिरणीत माणूस टिकत नाही म्हणाला. सुभाषने आत पाऊलसुद्धा टाकू नये, केबिनमध्ये बसावं, पगार दीडपट. फक्त गावाकडून माणसं आणून द्यावीत, त्याच्या शब्दावर येतात ती.

मंदा आत डबा घेऊन उभी होती. त्या महिन्याचं भाडं थकलं होतं, आणि क्षणभर, फक्त क्षणभर, सुभाषचं मन त्या केबिनमध्ये जाऊन बसलं.

मग त्याने विचारलं, "आत कोणाला पाठवू? नावं सांग."

"नावं कसली?" पिलाजी म्हणाला. "कोणीही चालेल रे."

अठरा वर्षं आपणही त्याला कोणीही म्हणूनच चाललो, हे सुभाषला तेव्हा कळलं.