शत्रूच्या सेनापतीचा आवाज

बस स्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कुठून सुटणार, हे तो दिवसभर सांगत असे. आवाज असा भरदार आणि मायाळू, की गाडी दोन तास उशिरा असली तरी ऐकणाऱ्याचा राग निम्मा उतरायचा. पण हा आवाज त्याच्या एकट्याचा नव्हता. थोरल्या भावाचा अगदी हुबेहूब तसाच. बाहेरून हाक आली की वहिनी आतून विचारायची, "दोघांपैकी कोण रे?" मग थोरला युद्धात गेला आणि तिचं विचारणं थांबलं.

आईविना पोर म्हणून सातव्या वर्षापासून वहिनीनंच त्याला वाढवलं होतं. आता घरात दोघंच उरली. फारसं बोलणं नसे, पण एकमेकांच्या आधारानं दिवस जात होते. चांगलं चाललेलं असलं की माणसाला अवदसा आठवते, तसं त्याचं झालं.

त्या युद्धावर निघालेला एक परदेशी चित्रपट आपल्या भाषेत करायचा होता. त्यासाठी स्टुडिओवाल्यांनी त्याला बोलावलं. भूमिका कुणाची, तर शत्रूच्या सेनापतीची! ज्या सैन्याच्या गोळीनं भाऊ गेला, त्याच सैन्याच्या. तो नाहीच म्हणणार होता. पण पडद्यावरचा तो म्हातारा स्वतःचे बूट स्वतः पुसायचा, कैद्यांना आधी पाणी द्यायचा. शहर जाळायला नकार दिला म्हणून त्याच्याच राजवटीनं त्याला मृत्युदंड दिलेला. अशा माणसाचा तिरस्कार करायचा तरी कसा?

काम कटकटीचं. पडद्यावरचे ओठ मिटले की आपलेही त्याच क्षणी मिटायला हवेत. मात्र पात्र पाठमोरं असलं की बोलणाऱ्याला मोकळीक. शेवटच्या प्रसंगात शिपाई न्यायला येतात आणि सेनापती बायकोकडे तोंड आणि प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहतो. कागदावर लिहिलं होतं, "मला आता जायला हवं." सहा तास बोलून थकलेला हा भलतंच बोलून गेला, "आलोच हं. दार लावून घे."

थोरला आघाडीवर निघाला तेव्हा उंबऱ्यात हेच म्हणाला होता.

ध्वनिमुद्रक ओरडला, "अहो, मरायला चाललाय तो!" पण स्टुडिओच्या भाड्याची वेळ संपली होती, ओठ दिसत नव्हते, तेव्हा तसंच राहिलं. आणि पुढे त्याच वाक्याला सगळं चित्रपटगृह रडायचं.

पहिल्या खेळाला हा स्वतः वहिनीला घेऊन गेला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! त्या वाक्यावर ती दचकून उठली, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तडक निघून गेली. तो घरी पोचला तेव्हा त्याची ट्रंक आणि वळकटी दाराबाहेर होती.

याला बावीस वर्षं झाली. भाड्याच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, एक खुर्ची. दुसरी खुर्ची कुणासाठी आणणार? स्थानकावरचे लोक त्याला 'सेनापती' म्हणून चिडवत. तो दिवसाला हजारो लोकांशी बोलायचा आणि एकाशीही बोलायचा नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र तो जुन्या दाराशी जाऊन हाक मारायचा, "दार उघड गं!" आत भांडं वाजायचं, पावलं दारापर्यंत यायची आणि तिथंच थांबायची. तो थोडा वेळ उभा राहून परत फिरायचा.

यंदा चित्रपटगृह बंद होणार म्हणून शेवटचा आठवडा जुने चित्रपट लावले होते. दुपारच्या खेळाला रोज तोच सेनापतीचा चित्रपट होता. शनिवारी तो गेला. जेमतेम दहा माणसं होती. चौथ्या रांगेत पांढऱ्या केसांची वहिनी बसली होती. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते, आणि खेळ संपेपर्यंत तिनं ते उघडले नाहीत.

दिवे लागल्यावर तो तिच्यापाशी गेला. तोंड उघडणार तोच तिनं हात वर केला.

"बोलू नकोस बारक्या. आधी ऐक. सोमवारपासून रोज येतेय मी. चित्र बघत नाही, नुसतं ऐकते. त्या दिवशी मी तुझ्यावर रागावले नव्हते रे. तुझा दादाच बोलला म्हणून वळून पाहिलं, तर शेजारी तू."

तो शेजारच्या खुर्चीवर टेकला.

"आणि मग तू दर महिन्याला दारात येऊन हाक मारायचास. दर वेळी वाटायचं, आला. धावत दारापर्यंत यायचे, आणि कडीला हात लागला की आठवायचं. बावीस वर्षं दर महिन्याला तो मेलाय माझ्यासाठी."

आपण तिची विचारपूस करतो आहोत, असं तो इतकी वर्षं समजत होता. त्याला रडू कोसळलं, पण त्यानं हुंदक्याचाही आवाज होऊ दिला नाही.

तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. "घरी चल. रोज ये जेवायला. फक्त बोलू नकोस."

तिला सांगायचं म्हणून त्यानं बावीस वर्षांचं कितीतरी साठवून ठेवलं होतं. त्यानं मान हलवली, तिची पिशवी उचलली आणि तिच्या मागून चालू लागला.