बांधावर काढलेल्या चपला

धरणगावात रक्त तपासायची लॅब मी चालवते, आणि माझ्याच सासूबाईंचं रक्त वाढेना. गूळ-शेंगदाणे झाले, लोहाच्या गोळ्या झाल्या. शेवटी मी हट्टाने त्यांची शौचाची तपासणी केली. अंकुशकृमी निघाले! अनवाणी पायांतून शिरलेले हे जंत आतड्यात बसून रक्त पितात. डॉक्टरांचं औषध सुरू केलं आणि ठणकावलं, "आता कपाशीत चपला घालूनच जायचं."

"काळी माय शे ती मनी. चपला घालीसन कशी जाऊ?"

"मग आधी तिच्या पाया पडा, नंतर घाला."

सासूबाईंचा चेहरा आता तरतरीत झालाय. परवा मी चपलांसकट तरातरा शेतात निघाले, तर त्यांनी बांधावरच अडवलं. "आधी काढ. पाया पड. मंग घाल."