आप्पांचा कान आणि उसाचा ट्रॅक्टर

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, इनामगावात भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवतात. मला कळायला लागल्यापासून वाजवतात. यंदा जयंती महिन्यावर आली आणि ते म्हणाले, "आता दुसरा कुणीतरी बघा. माझा कान गेला."

मी दौंडला शाळेत विज्ञान शिकवते. रविवारी घरी आले तर आई रडकुंडीला आलेली. आप्पा जेवत होते, बोलत होते, पण पेटीला हात लावत नव्हते. त्याआधी त्यांनी पेटी शिरूरला दुरुस्तीला नेली होती. कारागिरानं एकेक सूर तपासला आणि पेटीला काही झालेलं नाही म्हणून परत दिली. पेटी चांगली, तर मग बिघाड आपल्यातच, असं यांनी ठरवून टाकलं.

"पण झालं काय?" मी विचारलं.

"उसाचा रिकामा ट्रॅक्टर गाणं लावून येतो का न्हाई? येताना गाणं काळी चारात आसतं. आन् दारावरनं पुढं गेलं की एक पट्टी खाली, पांढरी पाचात. एकच गाणं पट्टी कसं बदलंल? कानच गेला की."

मला हसू आलं आणि रागही आला. हा माणूस इतके दिवस मनात कुढत बसला, आणि पोटची पोर हेच धडे शिकवते तिला एक फोन नाही! म्हटलं, "आप्पा, गाणं खरंच उतरतं. आवाज लाटांनी येतो. गाडी आपल्याकडं येताना त्या दाटीनं येतात, म्हणून सूर चढा. लांब जाताना विरळ येतात, म्हणून उतरता."

"मग इतकी वर्सं का न्हाई उतरलं?"

"यंदा रस्ता नवा झालाय. रिकामे ट्रॅक्टर सुसाट पळतात. जितका वेग जास्त, तितकं उतरणार."

"माझी समजूत घालू नगंस," ते म्हणाले.

मग मी त्यांना पेटीसकट ओट्यावर बसवलं. आधी स्कूटी दारात उभी करून हॉर्न दाबला. एकच सूर. मग वळणापासून हॉर्न दाबून धरला आणि दारावरून पुढं गेले. शेजारच्या बायका बाहेर येऊन बघायला लागल्या. दुसऱ्या खेपेला कुणाला न सांगता गाडी जोरात काढली.

परत आले तर आप्पांची बोटं पेटीवर होती.

"पहिल्या टायमाला एक पट्टी उतरली. दुसऱ्या टायमाला जवळजवळ दोन. गाडी पळवलीस व्हय? रस्त्यावर माणसं आस्त्यात."

"कान गेलेल्या माणसाला हे कळतं का, आप्पा?"

त्यांनी पेटी पुसायला फडकं मागितलं.

संध्याकाळी विहारात सरावाला ते पेटीवर बसले. आईनं डोळे पुसले. मी कोरसमध्ये अगदी मोकळा गळा लावला. दुसऱ्याच कडव्याला आप्पांनी भाता थांबवला.

"तू उतरतीस," ते सगळ्यांदेखत मला म्हणाले. "आन् तू तर जागची हाललीबी न्हाईस."

सगळे खो खो हसले. मी मागं सरकून नुसता टाळ्यांचा ठेका धरला. इतका आनंद मला गाताना कधी झाला नव्हता.